हात पाहून उघडणारं दार

लाल पार्श्वभूमीवर तीन छोट्या पांढऱ्या ढाली. जर्मनीतल्या रंगाऱ्यांच्या धंद्याची ही खूण शतकानुशतकं चालत आली आहे. मध्ययुगात सरदारांच्या ढालींवर त्यांची कुलचिन्हं रंगवून देणं हे चित्रकाराचं रोजच्या पोटाचं काम होतं. चर्चमधलं वेदीचित्र रंगवणारा आणि ढाल रंगवणारा माणूस बहुतेकदा एकच असे, आणि दोन्ही कामं एकाच श्रेणीच्या, म्हणजे कारागिरांच्या संघाच्या, नियमांखाली चालत.

मी ड्युसेलडॉर्फमध्ये सजावटीचं रंगकाम करते. साध्या गिलाव्यावर संगमरवराच्या शिरा उमटवणं, स्वस्त पाइनच्या दारावर ओकच्या लाकडाच्या रेषा काढणं, छताच्या कडेनं नक्षीचा पट्टा फिरवणं, अक्षरांना सोन्याचा वर्ख लावणं हा माझा धंदा. माझे वडील कोल्हापुरात बोर्ड रंगवायचे. सुताला नीळ लावून भिंतीवर रेघ मारायला मी त्यांच्याकडून शिकले. ड्युसेलडॉर्फला येऊन, तिशी उलटल्यावर पुन्हा उमेदवारीपासून सुरुवात करून मी माइस्टरची, म्हणजे उस्तादाची, परीक्षा दिली आणि इथल्या रंगाऱ्यांच्या श्रेणीत, म्हणजे इनुंगमध्ये, दाखल झाले. आत आल्यावर मला या दाराचा इतिहास जाणून घ्यावासा वाटला. ते कुणी बांधलं, कुणासाठी उघडलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, हे समजल्याशिवाय आपल्या हातातल्या कागदाची खरी किंमत कळत नाही.

सुरुवात शेजारच्या कोलोनपासून करावी लागते. ड्युसेलडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला १२८८ मध्ये, वोरिंगनच्या लढाईनंतर, आणि पुढची काही शतकं ते ऱ्हाईनकाठचं लहानसं गावच होतं. कोलोन मात्र तेव्हा या भागातलं सर्वांत मोठं शहर होतं आणि तिथल्या श्रेणींचा दबदबा मोठा होता. १३९६ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी उमरावांची सत्ता संपवून शहराचा कारभार बावीस संघांच्या हाती दिला. त्यांतला एक संघ चित्रकारांचा होता. कोलोनच्या कॅथीड्रलमध्ये आजही ज्याचं भव्य वेदीचित्र आहे, तो स्टेफान लोखनर याच व्यवस्थेतला. १४४७ मध्ये आणि पुन्हा १४५० मध्ये चित्रकारांनी त्याला आपला प्रतिनिधी म्हणून नगरपरिषदेवर निवडून दिलं. ब्रश धरणारा माणूस शहराच्या कारभारात बसतो, कर किती आणि तट कुठे दुरुस्त करायचा हे ठरवतो, ही ताकद त्याला श्रेणीनं दिली. कोलोनमध्ये सूत कातणाऱ्या आणि रेशीम विणणाऱ्या बायकांच्या स्वतंत्र श्रेणी होत्या, हेही मला इथं आवर्जून सांगायचं आहे. सूतवाल्यांची सनद १३९७ ची, रेशीमवाल्यांची १४३७ ची. त्यांच्या उमेदवारही मुली, आणि शिकवणाऱ्या उस्तादही बायकाच.

श्रेणीत शिरण्याचा रस्ता लांब होता. मुलानं आधी काही वर्षं उस्तादाच्या घरी राहून उमेदवारी करायची. रंग खलायचे, सरस उकळायचा, ब्रश धुवायचे, आणि उस्तादाच्या बायकोनं सांगितलेली घरकामंही करायची. मुदत संपली की सगळ्यांसमोर त्याला उमेदवारीतून मोकळं केलं जाई. मग तो गेझेले, म्हणजे हाताखालचा पक्का कारागीर होई आणि मुलूख पालथा घालायला निघे. परगावच्या उस्तादांकडे काम करत हिंडायची ही चाल सुतारांसारख्या काही धंद्यांत आजही टिकून आहे, आणि तिची मुदत ठरलेली आहे: तीन वर्षं आणि एक दिवस. परत आल्यावर त्यानं आपली करामत दाखवणारी एक वस्तू, माइस्टरश्ट्युक, करायची. उस्ताद जमायचे, श्रेणीची पेटी मध्ये ठेवून उघडली जायची, आणि पेटी उघडी असेपर्यंत कुणी शिवी द्यायची नाही, शस्त्र बाळगायचं नाही, असा दंडक होता. त्या पेटीत सनदा, शिक्के आणि श्रेणीचा पैसा असे. आजारी कारागिराला मदत, मेलेल्याचं दफन आणि विधवेला आधार यासाठी तो पैसा लागे.

एवढ्यावर थांबलं तर हे चित्र फार सुंदर दिसेल, आणि अपुरं राहील. माइस्टरश्ट्युक दाखवण्याआधी उमेदवाराला जन्माचा दाखला द्यावा लागे. आईबापांचं लग्न रीतसर झालेलं हवं. बाप फाशी देणारा किंवा मेलेल्या जनावरांचं कातडं सोलणारा नको. कित्येक गावांत तागाचे विणकर, मेंढपाळ, पाणचक्कीवाले आणि न्हाणीघरं चालवणारे यांच्या मुलांनाही ‘मानाचा जन्म’ नाही म्हणून परतवलं जाई. यहुद्यांना तर बहुतेक सगळ्याच श्रेणींची दारं बंद होती. दाखला असला तरी फी, मेजवानी आणि नागरिकत्वाचा खर्च असे. उस्तादाच्या मुलाला त्यात सूट मिळे, आणि उस्तादाच्या विधवेशी लग्न करणाऱ्याला जागा लवकर मिळे. गावात उस्ताद किती असावेत हेही अनेकदा ठरलेलं असायचं. म्हणजे हाताची परीक्षा सर्वांत शेवटी होती. तिच्याआधी कुळाची, पैशाची आणि नात्याची परीक्षा पार करावी लागे.

हे वाचताना मराठी माणसाला सगळं ओळखीचं वाटेल. कातडं सोलणाऱ्याच्या स्पर्शानं कारागिराचा मान जातो, ही समजूत ऱ्हाईनच्या काठावरही होती. फरक इतकाच की तिथं ती कायद्यानं मोडायला लवकर सुरुवात झाली. १७३१ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या आज्ञेनं श्रेणींच्या मनमानीला लगाम घातला गेला, आणि कमी मानाच्या समजल्या गेलेल्या बहुतेक धंद्यांतल्या मुलांना श्रेणीत घ्यायलाच हवं असं ठरलं. जनावरं सोलणाऱ्यांना त्या आज्ञेतही वगळलं होतं. आज्ञा निघाली तरी गावोगावच्या श्रेणी ती टाळत राहिल्या.

त्या आज्ञेच्या आधीच ड्युसेलडॉर्फ राजधानीचं शहर झालं होतं. इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, योहान विल्हेल्म, ज्याला इथले लोक अजून प्रेमानं यान वेलेम म्हणतात, त्यानं १६९० ते १७१६ या काळात इथं चित्रांचा प्रचंड संग्रह उभा केला. बाजारचौकातला त्याचा घोड्यावरचा पुतळा १७११ चा आहे. त्याच्या दरबारी चित्रकारांत राखेल राउश होती. फुलांची चित्रं काढणारी ही डच बाई १७०१ मध्ये हेगच्या चित्रकारमंडळाची पहिली स्त्री सभासद झाली, आणि १७०८ पासून ड्युसेलडॉर्फच्या दरबारासाठी काम करू लागली. दरबारी चित्रकाराला श्रेणीचे नियम लागू नसत. राजाची मर्जी हेच त्याचं दार. इथं पहिल्यांदा रंगकामाच्या दोन वाटा स्पष्ट दिसू लागतात. एक राजाच्या छत्राखाली कलावंत म्हणून जगणाऱ्यांची, आणि दुसरी गावातली घरं, दारं, गाड्या आणि पाट्या रंगवणाऱ्यांची.

१७७३ मध्ये इलेक्टर कार्ल थिओडोरनं इथं कला अकादमी स्थापन केली आणि या दोन वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. अकादमीचा पहिला संचालक लाम्बर्ट क्राहे स्वतः छतं रंगवणारा होता. बेनराथच्या गुलाबी राजवाड्यातली छतचित्रं त्याची आहेत. तिथल्या गोल दालनात मान वर करून उभं राहिलं की दिसतं, देवतांची चित्रं हे त्या छताचं एक अंग आहे. गिलावा, सोनेरी कडा, नकली दगड आणि रंगवलेल्या सावल्या हे सगळं मिळून ते छत उभं राहतं. पण अकादमीच्या इतिहासात क्राहेचं नाव आहे, आणि त्या कडा ओढणाऱ्या कारागिरांची नावं कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात पेटर कोर्नेलियुस आणि विल्हेल्म फॉन शाडो यांच्या काळात ड्युसेलडॉर्फची अकादमी जगभर गाजली, अमेरिकेतूनही विद्यार्थी आले. १८४८ मध्ये इथल्या चित्रकारांनी ‘मालकास्टन’ नावाचं स्वतःचं मंडळ काढलं. त्याच शहरात मजुरीवर भिंती रंगवणारा रंगारी मात्र त्या मंडळाच्या बाहेरच राहिला.

त्या सुमारास त्याची जुनी श्रेणीही उरली नव्हती. १८०६ मध्ये नेपोलियननं बेर्गची ग्रँड डची करून तिचं राज्य आपल्या मेहुण्याला, म्युराला, दिलं, आणि ड्युसेलडॉर्फ तिची राजधानी झाली. १८०९ मध्ये इथल्या श्रेणी बरखास्त झाल्या. आता परवाना काढून कर भरला की कुणीही कुठलाही धंदा करू शकत होता. जन्माचा दाखला नको, विधवेशी लग्न नको, उस्तादांची मेजवानी नको. यहुद्यांवरचे निर्बंधही या राजवटीत सैल झाले. कवी हाइन्रिश हाइने याच शहरातल्या यहुदी घरात १७९७ मध्ये जन्मला होता आणि लहानपणी त्यानं इथं नेपोलियनला पाहिलं होतं. त्या राजवटीबद्दल त्याला आयुष्यभर आपुलकी का वाटली, ते यातून समजतं. श्रेणीचं दार फोडल्याशिवाय काहीजण आत येऊच शकत नव्हते, आणि ते दार बाहेरच्या सैन्यानं फोडलं.

पण दार फोडल्यावर आतलं शिकवणंही विस्कटलं. उमेदवाराला पोरक्यासारखं राबवून घ्यायचं आणि काही न शिकवता सोडून द्यायचं, ही तक्रार त्या शतकात वाढत गेली. उत्तर जर्मन संघाच्या १८६९ च्या कायद्यानं धंदा पूर्ण मोकळा केला. त्यानंतर कारखाने आणि रेल्वे यांनी ड्युसेलडॉर्फ झपाट्यानं फुगलं. नव्या पैशाच्या घरांना दर्शनी भागावर नक्षी, जिन्यात नकली संगमरवर, दिवाणखान्यात रंगीत छत हवं होतं. सजावटीच्या रंगाऱ्याला इतकं काम पूर्वी क्वचितच मिळालं असेल. रंगही इथंच बनू लागले. फ्रान्ट्स शोनफेल्डनं १८६२ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याच्या रंगांना पुढे चित्रकारांचा संत लुकास याचं नाव मिळालं, आणि १८८१ मध्ये श्मिंके कंपनी सुरू झाली. या दोन्ही नावांचे रंग आजही जगभर विकले जातात.

याच वाढीतून शिक्षणाची नवी सोय झाली. १८८३ मध्ये इथं उपयोजित कलांची शाळा निघाली. १९०३ ते १९०७ या काळात वास्तुकार पेटर बेरेन्स तिचा संचालक होता. चित्रकार ऑगस्ट माके अकादमीत शिकत असतानाच या शाळेच्या संध्याकाळच्या वर्गांना जायचा आणि ड्युसेलडॉर्फच्या नाटकगृहासाठी नेपथ्य करायचा. अकादमीतल्या कोरड्या शिकवण्याला तो कंटाळला होता. कारागिरांच्या वर्गात त्याला हाताला काम मिळालं. १९२२ मध्ये ड्युसेलडॉर्फला आलेल्या ओटो डिक्सची गोष्ट मला आणखी जवळची वाटते. गेरा गावात १९०५ ते १९०९ अशी चार वर्षं त्यानं एका सजावटीच्या रंगाऱ्याकडे उमेदवारी केली होती. युद्धावरची आणि शहरावरची त्याची चित्रं विसाव्या शतकातल्या सर्वांत कठोर चित्रांमध्ये गणली जातात. १९२४ मध्ये त्यानं काढलेलं योहाना आय या गॅलरीवाल्या बाईंचं चित्र पाहताना मी त्याच्या थरांकडे पाहत राहते. पातळ पारदर्शक रंगाचे थर एकावर एक चढवत नेण्याची ही जुन्या उस्तादांची रीत आहे, आणि लाकडाच्या रेषा काढताना आम्हीही ती रोज वापरतो.

तोपर्यंत कायद्यानं श्रेणीला नव्या रूपात परत आणलं होतं. १८८१ च्या दुरुस्तीनं इनुंगना कायदेशीर स्थान मिळालं, १८९७ च्या कायद्यानुसार हस्तव्यवसायांची मंडळं स्थापन झाली, आणि ड्युसेलडॉर्फचं मंडळ १९०० मध्ये सुरू झालं. १९०८ पासून उमेदवाराला शिकवण्याचा हक्क फक्त माइस्टरला राहिला. मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. धंदा कुणीही करावा, पण दुसऱ्याचं मूल हाताखाली घेणाऱ्यानं आधी स्वतः काय येतं ते दाखवावं, इतकी साधी अट त्यात होती.

नाझींच्या काळात हीच व्यवस्था विषारी झाली. इनुंगचं सभासदत्व सक्तीचं झालं, १९३५ मध्ये माइस्टरच्या कागदाशिवाय दुकानच उघडता येणार नाही असा नियम आला, आणि नोव्हेंबर १९३८ च्या हुकमानं १ जानेवारी १९३९ पासून यहुद्यांना स्वतंत्र हस्तव्यवसाय करायला बंदी झाली. परीक्षा पास झालेल्या, मोठ्या हातोटीच्या माणसांची नावं नोंदवहीतून काढून टाकली गेली. जन्माचा दाखला पुन्हा हाताच्या पुढे येऊन बसला. माझं नाव आज ज्या प्रकारच्या नोंदवहीत आहे, तिच्यात हेही पान आहे, आणि ते विसरून मला तिचा अभिमान बाळगता येणार नाही.

युद्धानंतर अमेरिकनांनी आपल्या भागात माइस्टरची सक्ती काढून टाकली. ड्युसेलडॉर्फ ब्रिटिशांकडे होतं, तिथं ती राहिली. पश्चिम जर्मनीसाठी एकच कायदा झाला तो १७ सप्टेंबर १९५३ रोजी. २००४ मध्ये सक्तीच्या यादीतले ९४ धंदे कमी करून ४१ केले, त्यात रंगारी कायम राहिला. आता इनुंगमध्ये यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि २०१२ च्या कायद्यानं परदेशात मिळवलेली पात्रता तपासून मान्य करण्याची वाट उघडली.

माझ्या वडिलांच्या हाताखाली मिळालेल्या शिक्षणाला दाखवायला कागदच नव्हता, म्हणून मी पहिल्या पायरीवरून चढले. माइस्टरच्या परीक्षेचे चार भाग असतात: प्रत्यक्ष काम, त्याचं शास्त्र, हिशेब आणि कायदा, आणि उमेदवाराला शिकवण्याची पद्धत. प्रत्यक्ष कामासाठी मला तीन भिंतींचा कप्पा मिळाला. रंगयोजना, खर्चाचा अंदाज आणि नकाशे आधी द्यायचे, मग ते भिंतीवर उतरवायचं. मी एका भिंतीवर हिरवा संगमरवर केला, दारावर ओक, आणि वर वर्खाची अक्षरं. ओकच्या रेषांसाठी रंगाची भुकटी शिळ्या बिअरमध्ये कालवतात, कारण ती भुकटीला पृष्ठभागावर धरून ठेवते. वरून बिज्जूच्या केसांचा मऊ ब्रश फिरवून कडा विरघळवायच्या. वर्ख लावताना श्वास आवरून धरावा लागतो. परीक्षकांमधले एक वयस्क माइस्टर माझ्या अक्षरांसमोर बराच वेळ उभे होते. हाताखाली काठी न घेता एवढी लांब रेघ ओढायला कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं. कोल्हापुरात, वडिलांकडे, मी म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न संगमरवराच्या शिरांवर विचारला. माझं आडनाव, माझा देश, मी बाई असणं यांवर एकही प्रश्न आला नाही. सहाशे वर्षांचा इतिहास वाचल्यावर मला त्या न आलेल्या प्रश्नांचं मोल कळलं.

आपल्याकडेही श्रेणी होत्या, आणि त्या कोलोनपेक्षा कितीतरी जुन्या. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात उषवदात नावाच्या दात्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण व्याज, त्यातून भिक्षूंना वस्त्रं. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. लोक विश्वासानं कायमची ठेव ठेवत, इतकी त्या कारागिरांच्या संघांची पत होती. पुढे धंदा जातीत बांधला गेला आणि ती पत बलुत्यात विरून गेली. वाईच्या वाड्यांतल्या आणि मेणवलीच्या भिंतींवरची चित्रं चिताऱ्यांनी काढली, त्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत. मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल सुरू झालं, तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या नकला केल्या, बोरीबंदर स्टेशनची सजावट केली, आणि आपल्याकडेही कलावंत आणि रंगारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझ्या कोल्हापुरात मात्र त्या बराच काळ एकमेकींना धरून राहिल्या. बाबुराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत मोठे झाले, १९१८ मध्ये त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि पोस्टरं स्वतः रंगवली. पेंटर हे त्यांच्या धंद्याचं नावच त्यांचं आडनाव झालं.

त्या गावातले बोर्ड रंगवणारे आता फ्लेक्सच्या छपाईनं मागे पडले आहेत. केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ रोजी, जर्मन कायद्याला बरोबर सत्तर वर्षं झाली त्या दिवशी, विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी असे अठरा धंदे आहेत. रंगारी नाही. मला तो त्या यादीत हवा आहे, पण एवढ्यानं भागणार नाही. यादीत नाव आलं की कर्ज आणि अवजारं मिळतात; पत मिळायला परीक्षा लागते. ती त्याच धंद्यातल्या माणसांनी घेतलेली हवी, तिच्यात जात, गाव, शाळा आणि बाप विचारायची सोय नको, आणि पास झालेल्याचं नाव सगळ्यांना पाहता येईल अशा वहीत हवं. घर रंगवून घेणाऱ्याला त्या वहीवरून माणूस निवडता यावा, आणि वाड्याची भिंत दुरुस्त करायला काढणाऱ्या खात्याला ती वही पाहिल्याशिवाय ठेका देता येऊ नये.

जर्मनांना हाताची परीक्षा कुळाच्या परीक्षेपासून सोडवून घ्यायला शतकं लागली, आणि मध्ये त्यांनी एकदा ती पुन्हा तिच्यातच अडकवली. त्यांच्या चुका आपल्यासमोर मांडलेल्या आहेत, त्यामुळे आपल्याला तेवढा वेळ लावायचं कारण नाही. कोल्हापुरात सुताला नीळ लावून सरळ रेघ मारणारे, हातानं अक्षर टाकणारे पेंटर आज हयात आहेत. पहिलं परीक्षक मंडळ त्यांचंच असावं. त्यासाठी लागणारे नमुने, नियम आणि अभ्यासक्रम ड्युसेलडॉर्फहून पाठवायची माझी तयारी आहे, आणि बोलावलं तर उमेदवारांना वर्ख लावायला शिकवायला मी येईन.